जेवायची हाक

ताई, परवा बुधवार होता. सकाळपासून मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. कपाट उघडलं, बंद केलं. गॅसवर दूध ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले, ते उतू गेलं. मग साडी बदलली, पर्स घेतली आणि सोफ्यावर येऊन बसले. विनायकने पेपरमधून डोकं वर काढलं.

"कुठे निघालीस?"

बुधवारी आपण दोघी कुठे जायचो ते त्याला ठाऊक आहे. तो एवढंच म्हणाला, "मी येऊ का बरोबर?" मी नको म्हटलं, पर्स ठेवून दिली आणि ओटा पुसायला घेतला. पुसून झाल्यावर परत पुसला.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. माणसं भेटायला येतात. इथल्या मराठी मंडळातली, विनायकच्या बँकेतली, शेजारची घोषबाबूंची बायको. सगळी तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. किती सेवाभावी, किती सोसलं, किती शांत. शांत! मला हसू येतं आणि मग तुझाच राग येतो. तू शांत असतीस तर मी आत्ता अशी घरभर फिरले नसते. आपलं भांडण अर्धं राहिलंय, ताई. तू मध्येच उठून गेलीस.

तू सनाला नर्स म्हणून गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. येमेन नकाशात कुठे आहे हेही घरात कुणाला नीट ठाऊक नव्हतं. चार वर्षं म्हणून गेलीस आणि तिथलीच झालीस. लग्न केलं नाहीस. सुट्टीवर आलीस की खजूर आणायचीस, मध आणायचीस, आणि झोपेत अरबीत बोलायचीस. मग तिथे युद्ध पेटलं. तुम्हाला विमानाने आधी समुद्रापलीकडे जिबूतीला नेलं, तिथून मुंबईला आणलं, आणि मुंबईहून तू माझ्याकडे आलीस, कारण तोवर आई-बाबा नव्हते आणि मी नवऱ्याच्या बदलीमागे कोलकात्याला येऊन स्थिरावले होते. न्यू टाउनच्या या फ्लॅटमधली पूर्वेची खोली तुला दिली. "शांत झालं की जाईन परत," तू आल्या दिवशीच म्हणालीस. मी मान डोलावली. मला वाटलं, दमलेलं माणूस बोलतं तसं.

दहा वर्षं तू तेच म्हणत राहिलीस.

पार्क सर्कसजवळ येमेनी हॉटेल निघालंय हे विनायकनेच पेपरात वाचलं. "मंदी मिळते म्हणे," तो म्हणाला, "बँकेत होतो तोवर मंदीला घाबरलो, आता खाऊन बघू." तिघं गेलो. मोठं ताट आलं, त्यात लांब दाण्याचा पिवळसर भात, वर धुरावलेलं मटण, काजू, बेदाणे. मला तर वास घेऊनच भूक लागली. तू चमच्याने भात जरा बाजूला केलास, आणि तुझा चेहरा बदलला.

"हे काय?"

"बटाटा," मी म्हटलं.

तू मालकाला बोलावून घेतलंस. सिराजभाई मुर्शिदाबादचा, जेद्दाला एका येमेनी आचाऱ्याच्या हाताखाली बरीच वर्षं काढून आलेला. तू त्याला हिंदीत झापलंस, मंदीत बटाटा कुणी सांगितला घालायला म्हणून. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "दीदी, यह कलकत्ता है. आलू नहीं दूँगा तो लोग प्लेट वापस भेज देंगे." मग तू अरबीत काहीतरी म्हणालीस आणि तो चमकला. त्यानेही अरबीत उत्तर दिलं, मोडकंतोडकं. तू त्याचं वाक्य सुधारलंस. तो हसला. तू हसलीस. ताई, तू माझ्याकडे आल्यापासून मी तुला तसं हसताना पाहिलं नव्हतं. खालचे दात दिसेपर्यंत.

तेव्हापासून आपला बुधवार ठरला. सोमवारचा उपास विनायकचा, गुरुवारचा माझा, शनिवारी मटण कुणीच खात नाही, आणि शुक्रवारी नमाजानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. बुधवारी दुपारी हॉटेल रिकामं असायचं. तुला कोपऱ्यातली, जमिनीवर बसायची बैठक लागायची. माझे गुडघे कुरकुरायचे. तू मांडी घालून बसायचीस, सत्तरीला टेकलेली बाई, आणि माझी फजिती बघायचीस.

तुला हवा होता तो सल्ता. मेन्यूत नव्हता. सिराजभाई म्हणाला, इथे कोण खाणार? तू म्हणालीस, मी. सल्ता म्हणजे काय हे मला तू इतक्या वेळा सांगितलंस की आता मीच करून घालू शकेन: दगडाच्या भांड्यात मटणाचा दाट रस्सा, इतका तापलेला की टेबलावर आणल्यावरही रटरटत राहतो, आणि त्यावर हुल्बा. हुल्बा म्हणजे आपली मेथी. मेथीची पूड भिजवायची, पाणी ओतून टाकायचं, आणि मग फेटायची, फेटत राहायची, ती पांढरी होऊन अंड्याच्या फेसासारखी फुगेपर्यंत. पहिल्यांदा सिराजभाईने पाणी न टाकताच फेटली. इतकी कडू झाली की तू पाणी पिऊन पिऊन हैराण. पुढच्या बुधवारी तू सरळ त्याच्या स्वयंपाकघरात शिरलीस. मी दारात उभी. तू पदर खोचून वाडगं मांडीत धरून फेटत होतीस, आचारी बाजूला होऊन बघत होते, आणि तू त्यांना रागवत होतीस, "आस्ते नहीं, ज़ोर से!"

त्या दिवशी ते भांडं आपल्या मध्ये आलं. एकच भांडं. तू भाकरीएवढ्या मोठ्या रोटीचा तुकडा मोडलास, बुडवलास, खाल्लास. मी ताटलीसाठी हाक मारणार तेवढ्यात तू माझा हात धरलास.

"एकातूनच खायचं."

"ताई, उष्टं..."

"तिथे उष्टं नसतं काही. तिथे वेगळं ताट मागणाऱ्याला विचारतात, भांडण झालंय का."

मी खाल्लं. जीभ पोळली. तो मेथीचा फेस गरम रश्शात विरघळून त्याची अशी काही चव झाली होती की मला आईच्या बाळंतिणीच्या लाडवांची आठवण झाली आणि तेवढ्यात तिखटाने डोळ्यांत पाणी आलं. बरोबर टोमॅटो, मिरची आणि लसूण ओबडधोबड वाटलेलं होतं, त्याला तू सहाविक म्हणायचीस. मी म्हटलं, हा तर ठेचाच. तू चिडलीस. ठेचा नव्हे! लहूह आला तेव्हा मी म्हटलं, आंबोळी. पुन्हा चिडलीस. पण ताई, जाळीदार, एका बाजूने भाजलेली, आंबूस, वर दही घालून भिजवलेली. तिला मी दुसरं काय म्हणू? तुला तिथलं सगळं तिथलंच राहायला हवं होतं. मला ते ओढून घरात आणायचं होतं. आपलं खरं भांडण हेच होतं बहुतेक. जेवण संपेपर्यंत ते रंगायचं आणि शेवटी, मधात भिजलेल्या पापुद्र्यांचा तो गोड केक समोर आला की तू म्हणायचीस, "शांत झालं की जाणारच आहे मी."

"तिथे बॉम्ब पडतायत."

"म्हणूनच तर नर्स लागते."

"तुझं वय काय, तुझं ब्लडप्रेशर काय! कोण घेणार तुला?"

"ते मी बघेन."

"इथे तुला काय कमी आहे?"

या प्रश्नाचं उत्तर तू कधी दिलं नाहीस. वेलदोड्याचा दुधाळ चहा फुंकून फुंकून प्यायचीस आणि रस्त्याकडे बघायचीस. मला आणखी एक विचारायचं असायचं. तुझं तिथे कुणी होतं का? माणूस, मैत्रीण, मानलेलं लेकरू, कुणीही. तो प्रश्न चहाबरोबर गिळून मी घरी यायचे. दर बुधवारी.

मग उम्म खालिद आली. पावसाळा संपत आलेला. आपल्या शेजारच्या बैठकीवर काळ्या बुरख्यातली एक बाई आणि तिचा वाळलेला नवरा बसले होते, आणि वेटर त्यांच्याशी हिंदीत ओरडून बोलत होता, मोठ्याने बोललं की भाषा कळते असं समजून. तू उठलीस. दोन वाक्यं बोललीस आणि त्या बाईने तुझे दोन्ही हात पकडले. सोडेचना. ती सनाचीच निघाली. नवऱ्याच्या हृदयाची झडप बदलायला बायपास रस्त्यावरच्या एका हॉस्पिटलात आली होती. थोरला मुलगा खालिद, म्हणून ती उम्म खालिद, खालिदची आई. त्याला व्हिसा मिळाला नाही, म्हणून नवऱ्याला घेऊन ती एकटीच आलेली. ज्या गल्लीत तिचं माहेर होतं तिथून तुझं हॉस्पिटल दिसायचं. तुम्ही दोघी इतक्या भरभर बोलत होतात की मला एक शब्द कळत नव्हता, आणि माझ्यासमोर सल्ता निवत होता, आणि मला, खरं सांगते, एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तू हॉस्पिटलात जायला लागलीस. सकाळी नऊला डबा घेऊन निघायचीस, डॉक्टर काय म्हणतात ते तिला सांगायचीस, ती काय म्हणते ते डॉक्टरांना. तिच्या नवऱ्याच्या चार्टवर तुझी नजर गेली की सिस्टरसुद्धा सावध होतात, असं तूच ऐटीत सांगायचीस. संध्याकाळी यायचीस ती पाय सुजवून. मी गरम पाण्यात मीठ घालून द्यायचे आणि बोलायचे.

"तू काय दुभाष्याची नोकरी धरलीस का? सत्तरीला आलीस."

"धरली."

"पडशील एखाद दिवशी."

"पडेन."

"ताई, मी चेष्टा करत नाहीये."

तू पाय पाण्यातून काढलेस. टॉवेल घेतलास. "मधू, दहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला कामासाठी हाक मारतंय."

"आणि आम्ही?"

"तुम्ही मला जेवायला हाक मारता."

मी बादली उचलून बाथरूममध्ये ओतली. रात्री जेवताना आपण मीठ आहे का, आमटी वाढ, एवढंच बोललो. दुसऱ्या दिवशी तू हॉस्पिटलातून लवकर आलीस, डोकं दुखतंय म्हणून आडवी झालीस, आणि चहाला उठवायला आले तेव्हा तू नव्हतीस. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला, त्रास झाला नसेल. कुणाला नाही? मला विचारा म्हणावं.

ते तुझं वाक्य, ताई, माझ्याबरोबर घरभर फिरतंय. भांडी घासताना, गच्चीवर, बँकेच्या रांगेत. मी त्याला रोज नवं उत्तर देते. जेवायला हाक मारणं म्हणजे काही कमी नाही, ऐक जरा. दहा वर्षं दोन्ही वेळा मी तुझ्या दाराशी येऊन म्हटलं, ताई, पान वाढलंय. तुला आवडतं म्हणून भाताची खरवड बाजूला काढली. तुझ्या पथ्यासाठी आख्ख्या घराचं मीठ कमी केलं. हेसुद्धा कामच होतं, आणि ते मी केलं, आणि पुन्हा करीन. मग लगेच वाटतं, तुला हे ठाऊकच होतं. तुला म्हणायचं होतं ते वेगळंच. ज्या बाईने रात्रपाळीत गोळीबारातले जखमी सांभाळले, तिला मी दहा वर्षं ताटावर बोलावत राहिले. भाजी निवडायलासुद्धा बसू दिलं नाही, कारण तू पाहुणी, तू दमलेली. म्हणजे तुझंही खरं. दोन्ही खरं असेल तर मी भांडू कशी?

ऑपरेशनची तारीख आधीच ठरलेली होती. तुझं दहावंही व्हायचं होतं. साताऱ्याहून वन्संचा फोन आला, सुतकात हॉस्पिटलात जाऊ नये म्हणून. मी हो म्हटलं आणि गेले. उम्म खालिद ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खुर्चीवर बसली होती. तिला तू गेल्याचं सिराजभाईने सांगितलं होतं. मला बघून उठली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, तुझ्याशी तो कुठे जुळतो ते शोधल्यासारखी बघत राहिली. जुळत नाही. आपण दोघी कधीच सारख्या दिसलो नाही.

तिच्याकडे फोन होता, अरबीत बोललं की हिंदीत सांगणारा. थंड आवाजाची बाई त्यातून बोलायची. सकाळभर आम्ही तसं बोललो. तू तिला माझ्याबद्दल सांगितलं होतंस. बहिणीला सगळं सोपं करून घ्यायची सवय आहे, असं. आंबोळीचं सांगितलं होतंस! मी फोनमध्ये म्हटलं, ती परत जायचं म्हणायची, मी अडवायचे, आमचं त्यावरून भांडण होतं.

तिने ऐकलं. कपाळाला आठी घातली. फोनमध्ये बोलली, आणि फोनमधली बाई म्हणाली, "नहीं. आपकी बहन ने मुझसे कहा था, वह वापस नहीं जाएगी."

मला वाटलं फोन चुकला. मी परत विचारायला लावलं.

"मैंने पूछा, क्यों. उसने कहा, एक डॉक्टर थी, नाम अमीना. अस्पताल में साथ थी, घर में साथ थी. पहले साल में ही बम से मर गई. अब वहाँ किसके पास जाऊँ."

युद्धाच्या पहिल्या वर्षी. म्हणजे तू माझ्याकडे आल्यावर काही महिन्यांत. तुला ते कधी कळलं? फोनवर? कुठल्या खोलीत बसली होतीस, मी त्या वेळी काय करत होते? पोळ्या करत असेन. तुला हाक मारली असेन, आणि तू येऊन जेवली असशील. दहा वर्षं तू माझ्यासमोर बसून "जाणारच आहे" म्हणत राहिलीस, आणि जाण्यासारखं तिथे तुला काही उरलंच नव्हतं. मग भांडायचीस कशाला, ताई? भांडण थांबलं की अमीना खरंच गेली असं व्हायचं का? मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं ते मलाही ठाऊक नाही. कदाचित जवळ घेतलं असतं. कदाचित जे होतं ते चांगल्यासाठी, असलं काहीतरी बोलले असते आणि तू मला कधीच माफ केलं नसतंस. तू मला ओळखून होतीस.

डॉक्टर बाहेर आले. ऑपरेशन चांगलं झालं होतं. ते इंग्रजीत सांगत होते, मी हिंदीत फोनला, फोन अरबीत तिला. मध्ये मला एक शब्द अडला आणि मी मागे वळून बघितलं, तुला विचारायला.

तिचा नवरा सावरला, त्याला हॉस्पिटलातून सोडलं. निघायच्या आधी उम्म खालिदने विचारलं, तुझी कबर कुठे आहे, तिला जायचं होतं. मी फोनला काय सांगणार? तिला गाडीत घातलं आणि गंगेवर घेऊन गेले. तुझ्या अस्थी विनायकने सोडल्या होत्या, मी त्या दिवशी गेले नव्हते, मला जमलं नव्हतं. घाटावर सकाळची गर्दी ओसरलेली. मी पाण्याकडे बोट दाखवलं. ती बघतच राहिली. कुठे नेमकं, असं तिने हाताने विचारलं. मी दोन्ही हात पसरले. सगळीकडे.

ती पायरीवर बसली, तळवे उघडून प्रार्थना केली. मी बाजूला उभी. प्रार्थना झाली आणि ती उठेल असं मला वाटलं, पण तिचा आवाज चढला. पाण्याकडे बोट रोखून ती भांडायला लागली. फोन पिशवीत होता, भाषांतराची गरजच नव्हती. मला एकटीला टाकून गेलीस, ऑपरेशनला बरोबर बसते म्हणाली होतीस, असंच काहीतरी असणार. मी तिला आवरायला खाली वाकले आणि माझ्याच तोंडून निघालं, "आणि मला? मला अमीनाचं नाव एका परक्या बाईकडून कळावं? फोनमधून?"

मग आम्ही दोघी तुला बोलायला लागलो. ती अरबीत, मी मराठीत, एकमेकींचं न ऐकता. पुजारी बघत होते. एक म्हातारी बंगाली बाई ओल्या साडीने वर चढत होती, ती थांबली. "की होएछे दीदी?" तिने विचारलं. उम्म खालिदने तिला अरबीत सांगितलं, मी मराठीत सांगितलं. तिला काय कळलं कुणास ठाऊक. तिने एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा पाण्याकडे.

"बोलो, बोलो," ती म्हणाली, "शुनछे."

ऐकतेय, असं. आणि साडीचा पदर पिळत निघून गेली.

मी तुला आणखी पुष्कळ बोलले, ताई. ते इथे लिहीत नाही. काही शिव्या होत्या, आईकडून शिकलेल्या. काही इतक्या साध्या गोष्टी होत्या की दहा वर्षं एका घरात राहून त्या बोलायच्या कशा राहिल्या याची लाज वाटावी. घसा बसला. उम्म खालिदचाही बसला. तुला ऐकू गेलं असेल तर गेलं. नसेल, तर उद्या मी परत जाणार आहे.